ऑफिसर ब्रेटचा फराळ

ऑफिसर ब्रेटला शाल पांघरायची कल्पना मूळ सुहासिनीचीच, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर मंडळातल्या सगळ्यांनी काखा वर केल्या, पण गणपतीत त्याचा सत्कार करू या असं कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्यांदा लिहिलं ते तिनंच. हा ब्रेट म्हणजे हायस्कुलात नेमलेला पोलीस. इथे अमेरिकेत शाळेत शिपाई नसतो, पोलीस असतो, कमरेला पिस्तुल लावलेला. रोज सकाळी दारात उभा राहून तो पोरांना नावानं हाका मारायचा, आणि आपल्या मुलांची नावं इतकी नीट घ्यायचा की आया गाडीतल्या गाडीत विरघळायच्या. मंडळाची अध्यक्ष दीपा तर म्हणाली, "आपली मुलं सेफ आहेत ती ह्याच्यामुळे, यार. शाल-श्रीफळ तो बनता है."

तर ब्रेट आला. भाड्याच्या हॉलमध्ये, थेट मूर्तीसमोर, बुटांसकट. दारात चपलांचा ढीग पडलेला, पाच वर्षांचं पोर जरी सँडल घालून आत शिरलं तरी कोणीतरी खेकसायचं. पण ह्याला बूट काढा म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. सुहासिनीनं त्याला कुंकू लावलं, दीपाच्या नवऱ्यानं शाल पांघरली, हातात नारळ दिला. "ह्याचं मी काय करू?" असं त्यानं विचारलं तेव्हा सगळा हॉल खदाखदा हसला. सुहासिनीही हसली. पुढे तो दिवस आठवला की तिला आधी ते बूट दिसायचे.

सुहासिनी बॉथेलच्या एका बायोटेक कंपनीत होती, नवरा केदार बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये, आणि दोघं राहायची तिथून थोडं उत्तरेला, टाउनहाउसांच्या एका वसाहतीत. पोटी एकच मुलगी, अनया, दहावीतली. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर कायम इंग्रजीत. आणि त्या अनयाची जीवाभावाची एकच मैत्रीण होती, नाओमी. दोघी शाळेच्या ऑर्केस्ट्रात शेजारी बसून व्हायोला, म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, वाजवायच्या. नाओमीची आई लोरेन नर्स होती, एकटीनं मुलीला वाढवत होती, आणि काळी होती. हे शेवटचं सांगायची खरं तर गरज पडायला नको. पण गोष्टच अशी आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही.

नाओमीला सुहासिनीच्या हातची साबुदाण्याची खिचडी भयंकर आवडायची. म्हणून अधूनमधून स्टीलच्या डब्यातून लोरेनच्या घरी खिचडी जायची. पहिल्यांदा डबा परत आला तेव्हा हसता हसता सुहासिनी बोलून गेली, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत बरं का." लोरेननं ते जे मनावर घेतलं! त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी पीचचं गोड, भाजलेलं, खिरीसारखं काहीतरी, कधी मक्याचा पाव, आणि एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा कुंपणाला वाढलेल्या ब्लॅकबेरी मूठभर. मंडळातल्या निम्म्या बायकांना ही रीत आता आठवतसुद्धा नव्हती.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या आठवड्यात, अनया शाळेतून आली ती पांढरीफटक पडून. बॅग टाकली आणि जिन्यावरच बसली. सुहासिनी तेव्हा चकल्या तळत होती. गॅस बंद करून ती शेजारी जाऊन बसली, आणि मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं.

ऑर्केस्ट्राच्या खोलीबाहेर दोन मुलांची मारामारी झाली होती. ब्रेट धावत आला, सगळ्यांना पांगा म्हणाला. सगळे पांगले. नाओमीचा व्हायोला खोक्यासकट तिथंच भिंतीला टेकवलेला राहिला होता, शाळेकडून भाड्यानं घेतलेला, म्हणून ती तो घ्यायला मागे वळली. ब्रेटनं तिचा दंड धरला, हात पाठीमागे पिरगाळला आणि तिला लॉकरवर दाबलं. तोंड लॉकरला. बेड्या घातल्या. नाओमीनं मारलं-बिरलं काही नाही, नुसती "माझा हात, माझा हात" म्हणत होती. अनया ओरडली, "शी वॉज जस्ट गेटिंग हर व्हायोला!" आणि पुढे झाली, तर त्यानं एका हातानं तिला बाजूला ढकललं.

"ज्यांची मारामारी झाली त्यांचं काय?" सुहासिनीनं विचारलं.

"नथिंग. दे वर जस्ट स्टँडिंग देअर," अनया म्हणाली. "मॉम, ही डिडन्ट इव्हन लुक ॲट देम."

रात्रीच्या जेवणाआधीच व्हाइस प्रिन्सिपॉलचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. अनयानं ऑफिसरच्या कामात अडथळा आणलाय, पण ती चांगली मुलगी आहे, घराणं चांगलं आहे, तेव्हा पुढे काय करायचं ते ऑफिसर ब्रेटवरच सोडलंय. उद्या येऊन त्यांना भेटलात तर बरं.

सुहासिनीची पाचावर धारण बसली. केदारची तर विचारूच नका. ग्रीन कार्डाची रांग, मुलीचं कॉलेज, पोलीस हा शब्द घरात आला कसा, असं सगळं एका दमात बोलून झालं. आणि मग दोघांनी मिळून तेच ठरवलं जे त्यांच्या आईवडिलांनी ठरवलं असतं. पोरीला घेऊन जायचं आणि माफी मागायला लावायची.

आता इथे नीट लक्ष द्या. सुहासिनी साताऱ्यात ज्या घरात वाढली, तिथे मोठ्या माणसाशी पोराचा काही खटका उडाला की चूक कुणाची हे कोणी विचारायचंच नाही. पोराचं बखोट धरायचं, त्या माणसासमोर उभं करायचं, "नमस्कार कर, चुकलं म्हण." पोर म्हणायचं. समोरचा म्हणायचा, "असू दे, असू दे," हातावर साखर ठेवायचा आणि विषय मिटायचा. खरं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, पण तो मुद्दाच नव्हता. माफी म्हणजे कबुली असते हे सुहासिनीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी माफी म्हणजे तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका.

"आय डिडन्ट डू एनिथिंग," अनया म्हणाली.

"मला माहितेय बाळा. तरी सॉरी म्हणायचं. दोन मिनिटांचं काम आहे. म्हण आणि मोकळी हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनीनं फराळाचा डबा भरला. बेसनाचे लाडू, चकल्या, शंकरपाळे. चांगला डबा घेतला, झाकणावर नाव कोरलेला, लग्नातला. पोलिसाकडे जाताना फराळ कशाला, असा प्रश्न तिला पडला नाही. दिवाळीत कोणाकडे हात हलवत जायचं का?

ब्रेटची खोली कौन्सेलरच्या शेजारी होती. भिंतीवर सत्काराचा फोटो फ्रेम करून लावलेला: शाल, कुंकू, दोन्ही बाजूंना मंडळ, आणि कडेला दात काढून हसणारी सुहासिनी. फडताळात तो नारळ. त्याला कुणीतरी गिरगिर फिरणारे प्लॅस्टिकचे डोळे चिकटवले होते आणि मार्करनं तोंड काढलं होतं. ब्रेट म्हणाला, "मुलांना फार आवडतो." सुहासिनी हेही हसून साजरं करून गेली.

"कॅमेरा चालू ठेवतो हं," तो छातीवर बोट टेकवत म्हणाला. "रूल आहे, बाकी काही नाही." मग त्यानं डबा उघडला आणि एक लाडू उचलला.

अनया उभीच होती. आईनं पाठीला हात लावला तशी ती इंग्रजीत म्हणाली, "मी मध्ये आले त्याबद्दल सॉरी. मी यायला नको होतं."

"असू दे," ब्रेट म्हणाला. अगदी हेच, त्याच्या भाषेत. सुहासिनीला इतकं बरं वाटलं की विचारू नका. झालं, मिटलं. पण त्यानं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला, बोटांचं तूप चाटलं आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "तू घाबरली होतीस. साहजिक आहे. नाओमीनं हात झटकला ना, तो व्हायोलाचा खोका माझ्या कोपराला लागला, तेव्हा सगळेच घाबरले. बरोबर ना?"

अनयानं आईकडे पाहिलं. आणि आईनं, हसऱ्या चेहऱ्यानं, अगदी हलक्या आवाजात, मराठीत म्हटलं, "हो म्हण आणि संपव."

"आय गेस," अनया म्हणाली.

ब्रेटनं मान डोलावली आणि लाडू फार छान झालाय म्हणाला.

गाडीत अनया मागे बसली, पुढे नाही. आणि सुहासिनी वेडी, तिनं त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

आठवड्याच्या आत सगळं कळलं. अनयावर काही कारवाई नाही. नाओमीला शाळेतून लांब मुदतीचं सस्पेन्शन, पुढे शाळेतून काढून टाकायची सुनावणी, आणि वर ज्युवेनाइल कोर्टात ऑफिसरवर हल्ला केल्याची केस. मारामारीच्या वेळी ब्रेटच्या छातीवरचा कॅमेरा बंद होता. धावपळीत बटण दाबायचं राहिलं म्हणे. लाडू खाताना बरं राहिलं नाही. नाओमीनं खोका मारला याला साक्षीदार कोण, तर तिचीच मैत्रीण. तिनं कॅमेऱ्यासमोर मान्य केलंय.

हे ऐकलं तेव्हा सुहासिनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होती. गाडीचं दार उघडून ती डांबरावर ओकली. सकाळच्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं तरी ओकली.

मंडळात बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? दीपाचा फोन आला. "सुटलीस बाई. मी कधीपासून म्हणणार होते, अनयाला तिच्यात फार मिसळू देऊ नकोस. त्यांच्यातल्या मुली जरा ॲग्रेसिव्ह असतात ना. आणि ब्रेट किती सेन्सिबल वागला बघ, आपल्या मुलीला बरोबर वेगळं काढलं." सुहासिनीला वाटलं, ह्या बाईच्या तोंडावर काहीतरी फेकावं. पण वेगळं काढून घ्यायला डबा भरून तीच तर गेली होती.

दोन दिवसांनी लोरेन दारात आली. कामाचेच कपडे, डोळे खोल गेलेले. आत ये म्हटलं तर आली नाही.

"मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "अनयानं काय पाहिलं तेवढंच तिनं सुनावणीत येऊन सांगावं. जास्त नाही, कमी नाही. माझ्या मुलीचा खांदा अजून वर होत नाहीये, सुहा. ती व्हायोला धरू शकत नाही."

"येऊ आम्ही," सुहासिनी म्हणाली.

दार लागल्यावर केदार आतून आला. "येऊ आम्ही? कोण आम्ही? रेकॉर्डवर पोलिसाच्या विरुद्ध बोलायचं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"केदार, ती मुलगी आपल्या टेबलावर बसून जेवलीये."

"मला वाईट वाटत नाही का? पण आपण पाहुणे आहोत इथे."

"इतकी वर्षं टॅक्स भरणारे कसले पाहुणे," ती म्हणाली. पण शेवटी तडजोड झालीच, जशी त्या घरात नेहमी व्हायची. जायचं, पण विचारतील तेवढंच बोलायचं, गुळमुळीत. जिन्याच्या वरच्या पायरीवर अनया बसून सगळं ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुहासिनीनं ओळखलं. मोरीच्या नळीत अडकलेले केस काढताना आपण जसं तोंड करतो, तसं पोरगी आईबापांकडे पाहून करत होती.

सुनावणी शाळांच्या मुख्य कचेरीतल्या एका खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. सुनावणी घेणारी बाई पांढऱ्या केसांची, चष्मा गळ्यात. एका बाजूला नाओमी आणि लोरेन. नाओमीनं अनयाकडे एकदाही पाहिलं नाही. समोर ब्रेट, कडक इस्त्रीत, त्यानं सुहासिनीला पाहून ओळखीचं हसून मान लववली. त्या हसण्यानं तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

भिंतीवर व्हिडिओ लावला. सगळ्यांनी पाहिलं: अनयाची सॉरी, टेबलाच्या कडेला डबा, लाडू घेऊन खाली-वर जाणारा एक हात. मग ब्रेटचा प्रश्न. मग पडद्याच्या कोपऱ्यात साडेतीन इंच सुहासिनी, हसरी, ओठ हलतायत. आणि खाली पांढऱ्या अक्षरांत ओळ आली: पालक दुसऱ्या भाषेत बोलतात. मग अनया, "आय गेस."

पांढऱ्या केसांच्या बाईनं व्हिडिओ थांबवला. "मॅडम, इथे तुम्ही काय म्हणालात?"

खोलीत मराठी कळणारी माणसं तीनच. केदारनं टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"मी म्हटलं," सुहासिनी म्हणाली, "ऑफिसरशी नीट, आदरानं बोल."

बाईनं ते लिहून घेतलं. लोरेननं डोळे मिटले. आणि सुहासिनीला स्वतःच्या तोंडाची इतकी किळस आली की ते धुवावं, खरवडावं असं वाटलं. किती सहज निघालं ते. किती गोड आवाजात. अगदी ब्रेटसारखं.

"आई," अनया म्हणाली.

सुहासिनीनं वळून पाहिलं. कित्येक वर्षांत पोरीनं तिला मॉमच म्हटलं होतं.

"आई, खरं सांग." शुद्ध, सावकाश मराठीत. "नाहीतर मी सांगते."

केदारचा हात गुडघ्यावर अजून होता. सुहासिनीनं तो उचलून त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"मी खोटं बोलले," ती त्या बाईला म्हणाली. "मी तिला म्हटलं होतं, हो म्हण आणि संपव. ती हो म्हणणार नव्हती. माफीही मागणार नव्हती, ती मीच मागायला लावली. आमच्यात मोठ्या माणसापुढे चूक नसली तरी मुलांना माफी मागायला लावतात, म्हणजे विषय संपतो. मला वाटलं संपेल."

मग अनया बोलली. इंग्रजीत, न थांबता: लॉकर, दंड, पिरगाळलेला हात, "माझा हात, माझा हात," आणि व्हायोलाचा खोका, जो शेवटपर्यंत भिंतीलाच टेकलेला होता. कुणाच्या हातात आलाच नव्हता तो, कोपराला लागणार कुठून?

ब्रेट चिडला नाही. हेच सगळ्यांत ओंगळ. तो मान हलवत, समजूतदार आवाजात म्हणाला, "आपल्या मुलीला खोटं बोलायला आईनंच भाग पाडलं, हे ऐकून मला वाईट वाटतं. मी विश्वासानं विचारलं होतं. ह्या कुटुंबाशी माझे फार चांगले संबंध आहेत." एका वाक्यात त्यानं सगळा चिखल तिच्या पदरात टाकला आणि स्वतः कोरडा उभा राहिला. आणि त्यात अर्धं तर खरंच होतं!

नाओमीला शाळेतून काढलं नाही. सस्पेन्शन मागे घेतलं, कोर्टातली केसही पुढे गुंडाळली गेली. ब्रेटची कुठेतरी चौकशी होणार होती म्हणे. झाली असेल. तो दुसऱ्या दिवशीही दारात उभा होता, पोरांना नावानं हाका मारत. "गुड मॉर्निंग, अनया," सगळ्यांआधी तिलाच.

मंडळाच्या ग्रुपवर शुकशुकाट होता. दीपानं मात्र वेगळा मेसेज केला, की हे सगळं चव्हाट्यावर आणायची काय गरज होती, आता मंडळात मुलांच्या सेफ्टीवर बोलायला ब्रेट कशाला येईल. सुहासिनीनं ग्रुप सोडला.

त्याच आठवड्यात शाळेच्या कचेरीतून तिचा लग्नातला डबा परत आला. झाकण उघडलं तर काठोकाठ चॉकलेटं, आणि वर पोलिसाच्या बिल्ल्याचे चकचकीत स्टिकर, लहान मुलांना देतात तसले. डबा रिकामा देऊ नये हे त्याला कुणी सांगितलं असेल? गणपतीत तिनंच सांगितलं असणार, प्रसाद देताना, कौतुकानं. तिनं चॉकलेटं कचऱ्यात ओतली आणि डबा घासत बसली. लिंबानं घासला, चिंचेनं घासला, तरी वास येतोय असंच तिला वाटत राहिलं.

शनिवारी लोरेनची गाडी बाहेर थांबली. नाओमी आत बसून होती, मान खाली. शाळेनं काढलं नव्हतं, तरी लोरेननंच तिला पलीकडच्या गावातल्या शाळेत घातलं होतं, जिथे ऑर्केस्ट्रा नव्हता. अनया धावत बाहेर गेली आणि गाडीच्या काचेपाशी उभी राहिली. काच खाली आली, पण थोडीच.

लोरेन दारापर्यंत आली. हातात सुहासिनीचा खिचडीचा डबा होता, धुतलेला, पुसलेला.

"तू शेवटी खरं बोललीस," लोरेन म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पहिल्यांदा काय बोललीस तेही नाही."

सुहासिनीला म्हणायचं होतं, आत ये, खिचडी टाकते.

"तुमच्यात रिकामा देत नाहीत, माहीत आहे मला," लोरेन म्हणाली आणि डबा पुढे केला.

डबा हलका होता. सुहासिनीनं तो दोन्ही हातांनी घेतला.